यादीतलं पाचवं

१

सकाळी नऊला मी कानांवर हेडफोन चढवायचे आणि दुपारी एकला उतरवायचे. मधले चार तास डॉक्टरांच्या आवाजात जायचे. पेशंट तपासून झाला की डॉक्टर घाईघाईत फोनवर बोलून ठेवतात. ते बोलणं मी घरी बसून टाइप करत असे. कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा गुडघा, कुणाची न भरणारी जखम. फाइल तासाभरात परत गेली पाहिजे, आणि महिन्यात तीनदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला. वर्षभर वाट बघून मिळालेलं काम होतं, म्हणून मी मिनिटाला धरून चालायचे.

पू, रक्त, लघवी यांची मला कधी किळस आली नाही. टाइप केलेल्या पूला वास नसतो. किळस यायची ती बाबांची.

बाबा म्हणजे माझे सासरे. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. भाड्याच्या त्या दोन खोल्यांत मी आणि बाबा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, स्वभावाने अगदी गरीब. अजूनही ओळखीतले कुणी ना कुणी बंद पडलेलं घड्याळ आणून द्यायचे आणि बाबा खिडकीशी बसून ते चालू करून द्यायचे. पण जेवायला बसले की माझं डोकं फिरायचं. दात सगळे गेलेले, कवळी टोचते म्हणून घालायची नाही. घास हिरड्यांवर इकडून तिकडे फिरत राहायचा, ओठ आत ओढले जायचे, हनुवटीवरून ओघळ यायचा आणि तो पुन्हा आत जायचा. लग्नानंतर सहा महिन्यांतच मी माझं ताट खोलीत न्यायला लागले. काम आहे, म्हणायचे. बाबा मान हलवायचे.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवीन जागा धरली. बाहेरच्या बोळकांडीत चपलांचं कपाट आहे, त्यावर इंटरनेटचा राउटर, आणि राउटरच्या शेजारी भिंतीत अंगठा जाईल एवढं भोक. त्यातून नेटची वायर बाहेर येते. बाबा सकाळीच स्टूल घेऊन तिथे भिंतीला टेकून बसायचे. इथे वारा लागतो, म्हणायचे. तिथे वारा नव्हता. मी विचारलं नाही. ते तिथे असले म्हणजे माझ्या खोलीपासून लांब असायचे.

साधारण त्याच सुमाराला नेट जायला लागलं. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी, घड्याळ लावून घ्यावं असं.

२

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तीच मुलगी तेच सांगायची: राउटर बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. मी आठवडाभर आकडे मोजले. पहिली फाइल उशिरा गेली, मग दुसरी. मग मी भांडून माणूस मागवला.

नेटवाला शांत निघाला. त्याने वायर हलवून बघितली, माझ्या मोबाइलवर राउटरचं अ‍ॅप उघडलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. माझा लॅपटॉप, माझा मोबाइल, बाबांचा मोबाइल, टीव्ही.

"ताई, हे पाचवं कुणाचं?" त्याने विचारलं.

चार नावांच्या खाली एक करडी खूण होती आणि शेजारी 'अनोळखी डिव्हाइस' असं लिहिलेलं. कंपनी नाही, नंबर नाही. कुणी शेजारी फुकट नेट वापरत असेल, तो म्हणाला, रोजची गोष्ट आहे. पासवर्ड बदलून दिला आणि गेला.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा फोन. वर गच्ची. समोरचा फ्लॅट वर्षभर कुलूप लावून बसलेला. संशय घ्यायलाही माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अ‍ॅप उघडलं. नवा पासवर्ड मी फक्त माझ्या दोन गोष्टींत टाकला होता. टीव्हीला दिला नव्हता, बाबांनाही अजून सांगितला नव्हता. यादीत तीन नावं होती. तिसरं अनोळखी होतं.

३

त्याच दिवशी मी राउटर उचलला आणि झटकन खाली ठेवला. तो मागून चिकट होता. जिथून वायर आत जाते तिथे पांढरट साय धरली होती, बोटाला तार सुटेल अशी. वास घेऊ नये हे कळत असून मी घेतला. सकाळी न धुतलेल्या तोंडाचा वास. थोडा गोडसर.

बाबा स्टुलावरच होते. त्यांनी उजवा हात मांडीवरच्या पंच्यात गुंडाळून घेतला होता. मी फडक्याने राउटर पुसला, फडकं कचऱ्यात टाकलं आणि हात तीनदा धुतले. माझ्या मनात हिशेब जुळला होता. अकराला बाबा गोळी घ्यायला आणि बाथरूमला उठतात. अकरा दहाला नेट जातं. उठताना हेच काहीतरी करतात, त्या ओल्या हातांनी.

पाचव्याला मी अ‍ॅपमधून अडवून टाकलं. अडवता क्षणी सगळंच नेट बसलं. अडवणं काढलं, नेट परत आलं. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

मग कानात आवाज यायला लागला. एका डॉक्टरांचं पोटाच्या ऑपरेशनचं बोलणं ऐकत होते, आणि त्यांच्या शब्दांच्या मागे कुणीतरी चोखत होतं. सावकाश, लाळ भरलेलं. मला वाटलं डॉक्टरांच्या तोंडात गोळी आहे. पुढचं रेकॉर्डिंग एका डॉक्टरीण बाईंचं होतं, दुसऱ्या शहरातल्या. त्यांच्याही मागे तेच. मी फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि पुन्हा ऐकली, तर बाईंचा आवाज स्वच्छ. नेटवरून थेट ऐकलं की चोखणं परत.

रोज चार तास तेच ऐकलं की कान फसवतात, अशी मी माझी समजूत घातली. जेवायच्या वेळी मी ताट वाढून घेत होते, तेवढ्यात बाबांनी दुधात बुडवलेला पाव तोंडात घातला आणि तोच आवाज आला.  ताट तसंच ठेवून मी खोलीत गेले.

४

नेटवाला परत आला तेव्हा म्हणाला, आतली वायरच खराब असणार, ओढून बदलू. बाबांना स्टुलावरून उठवलं. बाबा उठायला तयार नव्हते. उठल्यावरही ते भिंतीपासून दोन पावलांवर उभे राहिले.

त्याने वायर ओढायला सुरुवात केली. पहिला वीतभर भाग काळा, नेहमीसारखा. त्यापुढचा करडा, मग पांढरा. चार-साडेचार मीटर वायर जमिनीवर वेटोळं होऊन पडली, आणि ती ओली होती. वरचं प्लॅस्टिक कुठेही तुटलं नव्हतं. ते मऊ पडलं होतं, गुळगुळीत, रंग निघून गेलेलं. लहान मुलाने महिनाभर तोंडात धरलेल्या खेळण्यासारखं. फरशीवर तिच्याभोवती थारोळं जमलं.

"उंदीर?" मी विचारलं.

"उंदीर कुरतडतो," तो म्हणाला. "हे कुणीतरी चघळलंय."

आणि त्याने बाबांकडे बघितलं. बाबांच्या पोकळ तोंडाकडे. मीही बघितलं. चार मीटर वायर भिंतीच्या आत होती, तिथे कुणाचं तोंड पोचणार, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला केला. बाबा वायर ओढून घेत असतील, चघळून परत सरकवत असतील. म्हातारपणी माणसं काय काय करतात, मी त्याच्या कितीतरी फाइली टाइप केल्या होत्या.

नेटवाल्याने नवी वायर भिंतीवरून उघडीच टाकली, खिळे मारून, आणि शेवटी चार-पाच मीटरचं वेटोळं जादा सोडलं. तो हात पँटला पुन्हा पुन्हा पुसत होता. बाबा पहिल्यांदाच बोलले. भोक बुजवून टाका, म्हणाले, आजच्या आज. ते काम गवंड्याचं, असं सांगून नेटवाला गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

५

नणंदेला फोन करायला मला वेळ लागला नाही. ती तासाभराच्या अंतरावर राहते. बाबांना कळेनासं झालंय, मी सांगितलं, वायरी तोंडात घालतात, माझं काम जायची वेळ आली आहे.  ती म्हणाली, उद्या येते.

बाबांनी वाद घातला नाही. कपड्यांची पिशवी भरून दिली ती त्यांनी डाव्या हाताने उचलली. जिना उतरताना वळले आणि मला म्हणाले, "त्या भोकाजवळ बसू नकोस. आणि खोलीतलंही बुजव." मला खोलीतलं म्हणजे काय ते कळलं नाही, विचारायचं सुचलंही नाही. त्या दुपारी मी टेबलावर बसून शांतपणे जेवले. घरात कुणाच्या तोंडाचा आवाज नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण जेवण चांगलं गेलं.

६

आठ दिवस नेट एकदाही गेलं नाही. देखरेख करणाऱ्या बाईंनी माझ्या कामाची तारीफ केली. कानातलं चोखणं थांबलं होतं. पाचवं मात्र यादीत होतंच, आता दिवसभर. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकले होते.

नवव्या दिवशी मी सहज त्या करड्या खुणेवर बोट ठेवलं. अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपकरणाची रेंज दिसते, पाच दांड्यांत. राउटरजवळ असलं की पाच, लांब गेलं की कमी. माझा लॅपटॉप खोलीत होता, त्याच्या तीन दांड्या होत्या. पाचव्याच्या पाच.

मी बोळकांडीत जाऊन उभी राहिले. चपलांचं कपाट, रिकामं स्टूल, राउटर, भोक. कपाट उघडलं, चपला काढल्या. काही नाही.

मग एक गोष्ट सुचली, आणि ती सुचायला नको होती. जादा वायरचं वेटोळं सोडवून मी राउटर माझ्या खोलीत आणून टेबलावर ठेवला. मोबाइल हातात धरून बघत बसले. पाचव्याच्या दोन दांड्या झाल्या. म्हणजे ते बोळकांडीतच राहिलं होतं. मला हायसं वाटलं. दहा मिनिटांनी तीन झाल्या. मला वाटलं रेंज अशी कमी-जास्त होतेच. अजून सात-आठ मिनिटांनी चार. बाहेर लख्ख दुपार होती, खाली शिवणयंत्र चालू होतं, आणि माझ्या उजव्या हाताच्या भिंतीतून आवाज आला. कुणीतरी ओला रबर नळीत घासत नेतंय असा. सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं.

भिंतीत वायरींसाठी घातलेली नळी असते, अंगठ्याएवढी जाड. सगळ्या घराच्या भिंतींतून फिरते. अंगठ्याएवढ्या नळीत मावणारं असं काय असतं, जे राउटर कुठे आहे ते ओळखून येतं? पाल, मी म्हटलं. मोठी पाल. पाल नेटला जोडली जात नाही, हे मला माहीत होतं.

पाच दांड्या झाल्या आणि आवाज थांबला.

७

टेबलाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, जुन्या टेलिफोनचा चौकोनी डबा भिंतीत बसवलेला होता. त्याचं झाकण कधीच गेलेलं. टेबल लावल्यापासून मी तो विसरून गेले होते. बाबा विसरले नव्हते.

मी टेबल ओढलं, खाली बसले आणि मोबाइलची बॅटरी लावली. डब्याच्या तळाशी नळीचं तोंड होतं. ते भरलेलं होतं. ट्यूबच्या तोंडाशी पेस्ट यावी तसं काहीतरी गुलाबी तिथे काठोकाठ आलं होतं, ओलं, मध्यभागी दुमडलेलं.

फोम असणार. भिंतीतल्या फटी बुजवायला भरतात ना, तो. दमट हवेने फुगला असेल. माझं डोकं हे इतकं नीट सांगत होतं की मी टेबलावरचं पेन घेतलं आणि त्याच्या टोकाने दाबून बघितलं.

दुमड उघडली आणि पेन आत घेतलं. झटका नाही, जोर नाही. पेन हळूहळू आत चाललं, आणि का कोण जाणे, मी ते सोडलं नाही. पेन संपलं. मग माझं बोट गेलं, पहिल्या पेरापर्यंत.

आत ऊब होती. हे मला सगळ्यात जास्त आठवतं आणि ते आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं. वासरू बोट चोखतं, तसं ते चोखत होतं. मऊ, सगळीकडून, मन लावून. टोचलं नाही, दुखलं नाही. त्याच्या मागे, नळीत खोलवर, गिळल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ लांब लांब जात राहिला, या खोलीतून बोळकांडीकडे, तिथून आणखी कुठेतरी. नळीपेक्षा ते किती लांब होतं, कोण जाणे.

बोट ओढलं तेव्हा ते सहज सुटलं. दिवसभर पाण्यात ठेवल्यासारखं पांढरंफटक पडलं होतं. नख भिजलेल्या कागदासारखं वाकलं.

मी बेसिनमध्ये ओकले. साबण लावला, फिनेल लावलं, भांडी घासायच्या घासणीने रक्त येईपर्यंत घासलं. गोडसर वास गेला नाही. अर्धवट फाइल लॅपटॉपवर तशीच होती. मी पर्स आणि चपला घेतल्या, दाराला कुलूप लावलं आणि निघाले. तो तिसरा उशीर होता. संध्याकाळपर्यंत माझं काम दुसऱ्या कुणाला गेलं होतं.

८

नणंदेच्या घरी बाबा खिडकीशी बसले होते. समोर घड्याळ नव्हतं. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझं बोट बघितलं, हात धरून उजेडात नेला. मग स्वतःचा उजवा हात पंच्यातून काढून शेजारी ठेवला.

तीन बोटांना नखं नव्हती. पेरं गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखी, एक रेघ नाही. घड्याळातला केसाएवढा स्क्रू त्या बोटांनी धरता येणं शक्य नव्हतं.

ते सावकाश सांगत गेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना वायर आत ओढली जाताना दिसली होती. भोकात चिंधी कोंबली, तर ती चिंधी गेली. मग एकदा चुकून बोट लागलं, आणि बोट मिळालं तसं त्याने वायर सोडली. नेट परत आलं. आत माझं टायपिंग चालू झालेलं त्यांना ऐकू आलं.

"म्हणून मग तिथे बसायला लागलो," ते म्हणाले. "नऊ ते एक. दात नाहीत त्याला, त्रास काही होत नाही. अकराला गोळीसाठी उठावं लागायचं, तेवढाच काय तो खंड."

"मला सांगितलं का नाही, बाबा?"

 बिघडलेल्या घड्याळात नेमकं काय झालंय ते सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुला माझी आधीच किळस येते. त्यात हे कुठे सांगत बसू."

नणंद दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती आत निघून गेली. मी बाबांचा हात तसाच धरून बसले. तो थंड आणि बुळबुळीत लागत होता, आणि मला सोडावासा वाटत होता. मी सोडला नाही.

९

महिन्याभराने नवरा जहाजावरून उतरला. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझं बोट बघितलं, बाबांची बोटं डॉक्टरांना दाखवली. हा त्वचेचा कसलातरी संसर्ग आहे, तुम्ही दोघं त्या ओलीत राहून घाबरलात, असं त्याचं मत झालं. एका सकाळी तो घर रिकामं करायला टेम्पो घेऊन गेला. वाटेत दुकानातून प्लॅस्टिकची जाड झाकणपट्टी आणि स्क्रू घेतले. भोक बंद करून देतो, म्हणाला, मालकाचं नुकसान नको.

तीन तासांत तो परतला. टेम्पो रिकामा होता. आल्या आल्या तो मोरीत गेला आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आल्यावर त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती झाकणपट्टी काढून टेबलावर ठेवली. सामान राहू दे, म्हणाला. दारालाच किल्ली सोडून आलो, मालकाला फोन करून कळवलंय.

पट्टीची एक कड मऊ आणि पांढरी पडली होती. मधोमध खळगे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. वर चार, खाली दोन. चिरल्यासारखे, खोल.

बाबांनी चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली आणि उलटसुलट करून बघितली. मग ती खाली ठेवली.

"आता बोटावर भागायचं नाही त्याचं," ते म्हणाले.

मी घरमालकाला फोन लावला. तो खुशीत होता. किल्ली मिळाली, म्हणाला, आत्ता घरातच आहे. एक जोडपं जागा बघायला आलंय, दोघंही घरूनच काम करणारे. त्याच्या मागे बाईचा आवाज आला, खोलीतून आल्यासारखा घुमणारा. टेबलामागे हे काय आहे, असं ती तिच्या नवऱ्याला विचारत होती.

माझ्या नवऱ्याने फोन माझ्या हातून काढून घेतला.

"त्यांना बाहेर काढा," तो म्हणाला. "आधी बाहेर काढा, मग बोलू."

पलीकडे घरमालक हसला. मग हसायचा थांबला.